आग कुठे पेटायची ते आधी शोधा

गेल्या अंकात मी रोममधल्या कॅराकॅला बाथ्सबद्दल अर्धं पान लिहिलं होतं, एवढंच की १८०० वर्षांपूर्वीची सार्वजनिक न्हाणीघरं आज उकरून मोकळी केलेली आहेत, आत फिरता येतं आणि संधी मिळाली तर चुकवू नका. त्यावर इतके मेसेज आले, पत्रं आली, की या वेळी बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवून फक्त याच प्रश्नांची उत्तरं देतेय. बऱ्याच जणांनी तेच तेच विचारलंय त्यामुळे काही प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा सुटला असेल तर पुढच्या महिन्यात नक्की घेईन.

ताई, मी कॉलेजात असताना आमच्या ग्रुपबरोबर रोमला गेलो होतो आणि कॅराकॅला बघितलं. खरं सांगू का, मला काहीच कळलं नाही. नुसत्या उंच उंच विटांच्या भिंती. सगळे वॉव वॉव करत होते म्हणून मीपण केलं. आता परत जायचा योग आहे, तर नक्की काय बघायचं?
(वाचक, मडगाव)

तुमच्यासारखंच माझं पहिल्यांदा झालं होतं. एका टूर कंपनीबरोबर गेले होते, त्यांनी तिथे २५ मिनिटं दिली, त्यातली १० टॉयलेटच्या रांगेत गेली, आणि उरलेल्या वेळात मी मान वर करून भिंती बघितल्या, फोटो काढले आणि बसमध्ये येऊन बसले. भिंती ३० मीटरच्या वर आहेत, त्यामुळे मान वर जातेच. पण न्हाणीघर कसं चालायचं ते वर बघून कधीच कळत नाही हो, त्यासाठी खाली बघावं लागतं, पायाखाली, कारण तिथली सगळी करामत जमिनीखाली होती.

मला ते कुठे कळलं सांगते. आमचं जुनं घर सावईवेऱ्याला, तिथली न्हाणी मागच्या बाजूला, आणि न्हाणीत चुलीवर कायमचं बसवलेलं तांब्याचं मोठं भाण. गंमत ही की चुलीचं तोंड न्हाणीच्या बाहेर. म्हणजे आंघोळ करणाऱ्याला धूर नाही, राख नाही, फक्त गरम पाणी, आणि बाहेर वाकून कुणीतरी सोडणं, चुडतं, करवंट्या आत सारतंय. तुमच्यापैकी ज्यांची जुनी घरं आहेत त्यांनी हे बघितलं असेलच. तर रोमन लोकांची पद्धत हीच, फक्त त्यांनी ती पाण्यापुरती न ठेवता पूर्ण खोलीला लावली. बाहेरच्या बाजूला भट्टी, तिचं तोंड बाहेर. आतल्या खोलीची जमीन विटांच्या छोट्या छोट्या खांबांवर उचललेली, साधारण दोन फूट उंच. भट्टीतली गरम हवा आणि धूर त्या पोकळीत शिरायचा, खांबांमधून फिरायचा आणि मग भिंतीत बसवलेल्या पोकळ विटांच्या नळ्यांतून वर जाऊन बाहेर पडायचा. म्हणजे जमीन गरम, भिंती गरम, आणि आत धुराचा टिपूस नाही. जमीन इतकी तापायची की लोक लाकडी खडावा घालून चालायचे. या रचनेला हायपोकॉस्ट म्हणतात, हा एकच शब्द लक्षात ठेवलात तरी पुरे, तिथल्या पाट्यांवर सगळीकडे हाच दिसतो.

तर आता परत जाल तेव्हा असं करा. आत शिरलात की पहिल्यांदा आग कुठे पेटायची ते शोधा. आगीच्या सगळ्यात जवळची खोली ती कॅल्डेरियम, म्हणजे कडक गरम. तिच्यापासून लांब जाल तशी कोमट खोली, टेपिडेरियम, आणि मग मोठा थंड हॉल, फ्रिजिडेरियम, आणि त्याच्यापलीकडे उघडा पोहायचा हौद. एकदा आग सापडली की बाकीचा नकाशा आपोआप उलगडतो, गाईडची गरज नाही. कॅराकॅलाला गरम खोली गोल आहे, प्रचंड, आणि मुख्य इमारतीच्या बाहेर पुढे काढलेली, तिचं तोंड मुद्दाम दुपारच्या उन्हाकडे ठेवलंय कारण रोमन लोक आंघोळीला दुपारीच जायचे. मोठ्या खिडक्या, त्यातून ऊन आत, म्हणजे लाकूड तेवढं कमी. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुतज्ज्ञाने गरम खोल्यांचं तोंड पश्चिमेकडे असावं हे कॅराकॅलाच्या २०० वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं.

कॅल्डेरियम म्हटल्यावर आपल्याला एक ओळखीचा शब्द ऐकू येतो का बघा. आपली काल्दीन, नारळाच्या रसाची ती पिवळी कढी, तिचं नाव पोर्तुगीजांकडून आलं आणि पोर्तुगीजांकडे लॅटिनमधल्या 'गरम' या शब्दावरून. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली काल्दीन आणि रोमचं कॅल्डेरियम एकाच कुळातली. मला हे कळलं त्या दिवशी मी घरी सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं.

आणखी एक. कॅराकॅला बांधलं साधारण इसवी सन २१२ ते २१६ मध्ये, आणि नंतर पाचव्या शतकातल्या एका लेखकाने तिथे आंघोळीला येणाऱ्यांसाठी १,६०० संगमरवरी आसनं असल्याची नोंद केलीये. एवढ्या लोकांना गरम ठेवायचं तर किती लाकूड लागत असेल, तर त्यासाठी जमिनीखाली अख्खं वेगळं गाव आहे, बोगदे, गाड्या जातील एवढे रुंद, त्यातून गुलाम लाकडं वाहायचे आणि भट्ट्या पेटत्या ठेवायचे. वर संगमरवर, पुतळे, मोझेक, आणि खाली अंधारात ती माणसं. आमच्याकडे न्हाणीची आग जी बाई घालायची ती आमच्याआधी दीड तास उठायची, आणि पाहुणे म्हणायचे काय मस्त गरम पाणी आहे हो तुमच्याकडे, तेव्हा तिचं नाव कुणीच घेतलं नाही, मीसुद्धा नाही. कॅराकॅलाच्या त्या बोगद्यांचा काही भाग कधी कधी बघायला उघडा असतो, असेल तर वरचं थोडं कमी बघा पण तो बघाच.

अजून एक युक्ती सांगते. कॅराकॅलाला छत नाही त्यामुळे खोली किती मोठी होती त्याचा अंदाज येत नाही. तर आधी रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनला उतरा, टर्मिनी, त्याचं नावच मुळात समोरच्या डायोक्लेशियन बाथ्सवरून पडलंय, तिकडे न्हाणीघराला तेर्मे म्हणतात. त्या बाथ्सच्या थंड हॉलचं सोळाव्या शतकात मायकेलअँजेलोने चर्च केलं, सांता मारिया देल्यी आंजेली. छत रोमन, लाल ग्रॅनाइटचे प्रचंड खांब रोमन, आत जायला तिकीट नाही. पाच मिनिटं नुसतं मध्ये उभं राहा. मग कॅराकॅलाला जा, मेट्रोने चिर्को मास्सिमो स्टेशनला उतरून चालत. आता त्या भिंती बोलायला लागतील. सोमवारी मात्र जाऊ नका, बंद असतं.

माझी मुलगी आणि जावई स्विंडनला असतात. मे महिन्यात जातोय. जावई म्हणतो की बाथ नावाच्या गावी रोमन बाथ आहे, एका दिवसात होईल. जावं का? आणि तिथे आंघोळ करता येते का, की नुसतं बघायचं?
(वाचक, म्हापसा)

नक्की जा. इंग्लंडमधल्या स्विंडनला आपले गोंयकार इतके आहेत, आणि बाथ तिथून ट्रेनने अर्ध्या तासावर, तरी कितीतरी लोक दहा दहा वर्षं राहून कधी गेलेले नसतात. लंडनहून ब्रिस्टलला जाणारी तीच लाईन, बाथ स्पा स्टेशनला उतरायचं आणि पाच-सात मिनिटं चालायचं.

आंघोळ नाही करता येत, आणि पाण्यात बोटसुद्धा घालायचं नाही, हे कडकपणे पाळा. पाणी हिरवंगार दिसतं ते शेवाळामुळे, रोमन काळात वर छत होतं, ऊन लागत नव्हतं म्हणून शेवाळ होत नव्हतं. १९७८ मध्ये त्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमिबाच्या मेंदूच्या संसर्गाने जीव गेला, तेव्हापासून बंद. ज्यांना त्याच झऱ्याच्या गरम पाण्यात डुंबायचंच आहे त्यांच्यासाठी जवळच वेगळा स्पा २००६ पासून आहे, तिथे पाणी शुद्ध करून देतात. आणि म्युझियममध्ये प्यायला शुद्ध केलेलं झऱ्याचं पाणी मिळतं, कोमट, खनिजांची चव, मला नाही आवडलं पण एक घोट घेऊन बघा.

बाथची मजा रोमपेक्षा वेगळी आहे कारण इथे मोठ्या हौदाला आग लावावीच लागत नाही. जमिनीतूनच ४६ अंशांचं पाणी येतं, दिवसाला ११ लाख ७० हजार लिटर, न थांबता. मोठा हौद १.६ मीटर खोल आणि तळाला शिशाचे ४५ पत्रे, ते रोमन पत्रे अजून गळत नाहीत. हौदाच्या बाजूच्या खोल्यांमध्ये मात्र हायपोकॉस्टचे विटांचे खांब उघडे ठेवलेत, वर सांगितलं ते सगळं तिथे एका नजरेत दिसतं, त्यामुळे पश्चिमेकडच्या खोल्या घाईत संपवू नका, लोक मोठा हौद झाला की निघतात. आणि हौदाच्या भोवती खांबांच्या बुडख्यांच्या वरचं जे दिसतं, गच्ची, पुतळे, ते सगळं व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं आहे, ते रोमन समजून फोटो टाकू नका.

मला तिथे सगळ्यात जास्त काय भावलं तर शिशाचे छोटे पत्रे. झऱ्यातून असे १३० च्या आसपास सापडलेत. झरा म्हणजे देवीचं स्थान, सुलिस मिनर्वा तिचं नाव, सुलिस तिथली मूळची आणि मिनर्वा रोमन, दोघींची एक केली, जसं आपल्याकडेही गावच्या देवीचं मोठ्या देवीशी नातं जोडतात. तर आंघोळीला आलेल्या माणसाचे कपडे चोरीला जायचे, मग तो शिशाच्या पत्र्यावर देवीला लिहायचा की माझा अंगरखा कुणी नेला, पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला सुखाने झोपू देऊ नकोस, आणि पत्रा गुंडाळून पाण्यात टाकायचा. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले, तर त्याने चोराचे डोळे आणि डोकं दोन्ही जाऊ दे असं मागितलंय. आपण देवळात जाऊन गाऱ्हाणं घालतो ना, अगदी तसंच, भाषा लॅटिन एवढाच फरक. मी तिथे काचेसमोर उभी राहून रडवेली झाले होते, लेकीने विचारलं काय झालं, सांगता नाही आलं.

तिकीट आधी ऑनलाईन काढा, शनिवार-रविवार नको, ऑडिओ गाईड तिकिटातच असतो तो घ्याच. मे असला तरी जॅकेट लागतं.

ते लोक साबण वापरायचे का?
(वाचक, पेडणे)

नाही. अंगाला तेल चोळायचे, मग व्यायाम, घाम, आणि मग विळ्यासारख्या वाकड्या धातूच्या पट्टीने, स्ट्रिजिल म्हणतात तिला, ते तेल-घाम-मळ सगळं खरवडून काढायचे आणि मग पाण्यात. पोरं-नोकर नसतील तर पाठ कोण खरवडणार, हा प्रश्न तेव्हाही होता. नरकचतुर्दशीला तेल-उटणं लावून घेताना आठवा. साबणासारखा पदार्थ त्यांना गॉल लोकांकडून, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या लोकांकडून, माहीत झाला होता पण तो केसांसाठी.

मी डिचोलीच्या खाणीवर ३१ वर्षं काम केलं. ताई, ही न्हाणीघरं फक्त राजे आणि श्रीमंतांचीच ना? आमच्यासारख्या कामगाराला आत कोण घेणार होतं? खाणीवरून घरी आलो की लाल धूळ कानातून निघायची, म्हणून विचारतो.
(वाचक, डिचोली)

तुमचा प्रश्न वाचून मी लगेच उठून माझी जुनी वही काढली, कारण याचं उत्तर मला कुणालातरी द्यायचंच होतं आणि कुणी विचारत नव्हतं.

पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्जुश्त्रेल नावाचं गाव आहे, खाणीचंच गाव. रोमन काळात त्याचं नाव व्हिपास्का, तांबं आणि चांदी काढायचे. तिथे खाणीत १८७६ मध्ये एक ब्राँझचा पत्रा सापडला, सम्राट हेड्रियनच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकातला, आणि त्याच्यावर त्या खाणीच्या वस्तीचे नियम कोरलेत, चांभार, न्हावी, कपडे धुणारे, आणि न्हाणीघर चालवणारा ठेकेदार, सगळ्यांचे. खाणकामगारांच्या वस्तीत सार्वजनिक न्हाणीघर होतं आणि त्याची सगळी शिस्त लिखित होती! उजाडल्यापासून दिवसाच्या सातव्या तासापर्यंत बायकांची वेळ, आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुषांची (त्यांचे दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजायचे). बायकांना एक आस, म्हणजे तांब्याचं एक नाणं, आणि पुरुषांना अर्धा. हो, बायकांना दुप्पट, मलाही राग आला. सैनिक आणि लहान मुलं फुकट, आणि तिथल्या सरकारी अधिकाऱ्याकडे कामाला असलेले सम्राटाचे गुलामही फुकट. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत भरलेलं पाहिजे. गरम पाण्याची ब्राँझची भांडी ठेकेदाराने दर ३० दिवसांनी घासून पुसून ताजी चरबी लावून ठेवायची. न्हाणीघरासाठी दिलेलं लाकूड त्याने बाहेर विकायचं नाही, फांद्या-बिंद्या सोडून. आणि नीट चालवलं नाही तर २०० सेस्टर्सपर्यंत दंड, सेस्टर्स हेही रोमन नाणंच.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपलं खाणीचं गोवं आठवलं. तुम्ही ३१ वर्षं कानातली धूळ घरी विहिरीवर जाऊन काढलीत ना? आणि तिथे १९०० वर्षांपूर्वी भांडी कधी घासायची हेसुद्धा कायद्यात. मी रोमन लोकांची भक्त नाही, त्याच खाणीत गुलाम राबत होते आणि मरत होते, पण कामगाराला कामानंतर गरम पाणी मिळायला हवं ही गोष्ट कुणाला तरी नियमात लिहावीशी वाटली, ती मला मोठी वाटते.

आणि रोम शहरातसुद्धा आत जायचे पैसे नावापुरते होते, क्वाड्रन्स, म्हणजे त्यांचं सगळ्यात लहान नाणं. ख्रिस्तपूर्व ३३ मध्ये अग्रिप्पा नावाच्या रोमन अधिकाऱ्याने तर वर्षभर आंघोळ सगळ्यांना फुकट केली होती. श्रीमंत माणूस स्वतःचे गुलाम, तेलाच्या बाटल्या घेऊन यायचा आणि गरीब एकटा यायचा, पण हौद तोच. आत मालिश करणारे, काखेतले केस उपटणारे, सॉसेज विकणारे ओरडत फिरायचे, सेनेका नावाचा तत्त्वज्ञ अशाच एका न्हाणीघराच्या वर राहायचा आणि त्या सगळ्या आवाजांबद्दल त्याने अख्खं पत्र लिहिलंय. थोडक्यात आपला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, फक्त ओला.

पॉम्पेईला जुलैमध्ये आईला (६८) घेऊन जातेय. तिचे गुडघे दुखतात. बाथ्स बघता येतील का?
(वाचक, फोंडा)

जुलै टाळता आला तर टाळा, सावली जवळजवळ नाहीच, आणि रस्ते मोठमोठ्या दगडांचे, खाचखळगे, आमचं चांगल्या गुडघ्यांचं दमायला होतं. जायचंच असेल तर सकाळी गेट उघडताना आत शिरा. नेपल्सहून लोकल ट्रेन जाते, 'पॉम्पेई स्कावी' स्टेशन, उतरलं की समोरच प्रवेश. आता दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा केलीये आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून तिकीट आधी काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. कमी चढणीचा खास रस्ता आखलेला आहे, 'पॉम्पेई सर्वांसाठी' अशा अर्थाचं नाव आहे त्याचं, आईसाठी तोच धरा. रिकामी बाटली न्या, आत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

सगळं बघायचा हट्ट नको. फोरमच्या, म्हणजे गावच्या मुख्य चौकाच्या, बाजूला फोरम बाथ्स आहेत, छोटे, छताखाली, सावली, तिथे आईला बसवून निवांत बघा. इथे छत शाबूत असल्याने रोमपेक्षा जास्त कळतं. कोमट खोलीत भिंतीतल्या दोन दोन कोनाड्यांच्या मधे छोटे छोटे मातीचे पुरुष आहेत, डोक्यावर भार घेतलेले, कपडे त्या कोनाड्यांत ठेवायचे. मध्ये ब्राँझची मोठी शेगडी आणि बाकं, कारण या खोलीला जमिनीखालची आग नव्हती, निखाऱ्यांवर गरम करायचे. शेगडी दिली निजिडियस व्हाकुला नावाच्या माणसाने, आणि त्याच्या नावात गाय आहे म्हणून त्याने शेगडीवर गाय कोरून घेतली आणि बाकांचे पायसुद्धा गाईचे केले! घरात पोर्तुगीज शिकलेलं कुणी म्हातारं असेल तर त्यांना विचारा, गाईला ते वाकाच म्हणतील. पुढच्या गरम खोलीत छताला पन्हाळीसारख्या रेघा आहेत, वाफेचं पाणी थेंब थेंब डोक्यावर पडू नये, रेघेतून भिंतीवर ओघळावं म्हणून. आणि तिथल्या संगमरवरी मोठ्या परातीच्या काठावर ती किती पैशांना आली ते कोरलंय, ५,२५० सेस्टर्स, आपल्या देवळांतल्या देणगीच्या पाटीसारखं.

आईला बरं वाटत असेल तर स्टॅबियन बाथ्स, पॉम्पेईतलं सगळ्यात जुनं. तिथे बायकांचा भाग वेगळा आणि पुरुषांचा वेगळा, पण दोघांच्या मध्ये भट्टी एकच. आग शोधा म्हटलं ना, तिथे ती भिंतीच्या मागे सापडते.

हे सगळं आपल्याकडे आधीच होतं ना? मोहेंजोदडोला एवढं मोठं स्नानगृह होतं, मग रोमचं एवढं कौतुक कशाला?
(वाचक, वास्को)

होतं, आणि अडीच हजार वर्षांच्या आसपास आधी. १२ मीटर लांब, ७ रुंद, जवळजवळ अडीच मीटर खोल, विटांमधून पाणी झिरपू नये म्हणून डांबराचा थर. ते बघून कुणाचीही छाती फुगेल. पण ते बहुधा धार्मिक स्नानासाठी, आपल्या मंगेशीच्या किंवा कवळ्याच्या तळीच्या जवळचं, आणि तिथे आगीची व्यवस्था नाही. रोमन लोकांनी रोज, साध्या माणसाला, गरम, असं केलं. दोन्ही कौतुकाची आहेत, एकाला मोठं करायला दुसऱ्याला लहान का करायचं? आणि परदेशी जायचं जमत नसेल तर वास्कोहून ट्रेनने होसपेट, तिथून हंपी, राणीचं स्नानगृह बघा, बाहेरून अगदी साधं आणि आत शिरल्यावर कमानी, सज्जे, मधोमध हौद. गरम खोली नाही, पण पाणी कुठून आत यायचं ते चर बाहेरून फिरून शोधता येतात.

माझा भाऊ लिस्बनला असतो. पोर्तुगालमध्ये असं काही आहे का? म्हणजे इटलीचा खर्च परवडणार नाही.
(वाचक, केपें)

आहे आणि छान आहे. कोइंब्राच्या दक्षिणेला जवळच कोनिंब्रिगा, लिस्बनहून ट्रेनने कोइंब्रा आणि तिथून बस. कोइंब्राचं नावसुद्धा या जुन्या गावावरूनच आलंय. गर्दी कमी, बाथ्सचे अवशेष, हायपोकॉस्टचे खांब, आणि साडेतीन किलोमीटरवरून पाणी आणणारा कालवा. कारंज्यांचं घर म्हणून एक जागा आहे तिथलं मोझेक बघून डोळे निवतात, आणि नाणं टाकलं की ती कारंजी खरोखर उडतात. एक जाड तटबंदी गावाच्या मधोमध घरं फोडत गेलेली दिसेल, हल्ल्यांच्या भीतीने घाईघाईत बांधलेली, चांगल्या चांगल्या घरांचे दगड तिच्यात चिणलेत. ती बघताना मला जुन्या गोव्याचे ओस पडलेले दगड आठवत राहिले. भावाला सांगा अर्धा दिवस नाही, पूर्ण दिवस ठेव.

मी सातवीत आहे. एवढं पाणी येत होतं तर मग ते बंद का झालं?
(वाचक, साखळी)

फार चांगला प्रश्न विचारलास बाळा, मोठ्यांपैकी कुणीच हा विचारला नाही.

कॅराकॅलाला पाणी लांबून डोंगरातून यायचं, उंच कमानींवरून बांधलेल्या पाटाने. ५३७ साली गॉथ नावाच्या जर्मानिक टोळ्यांनी रोमला वेढा घातला आणि शहरात येणारे पाण्याचे पाट तोडले, म्हणजे लोक तहानेने शरण येतील. पाणी तुटलं त्या दिवसापासून कॅराकॅला बंद. नंतर लोक नदीच्या जवळ राहायला गेले, डोंगराच्या बाजूची ही मोठी इमारत रिकामी पडली, मग तिचा संगमरवर, खांब, पुतळे लोक काढून नेत राहिले. तिथला हर्क्युलिसचा प्रचंड पुतळा सोळाव्या शतकात सापडला, तो आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे.

पण बाथचं पाणी कुणाला तोडता आलं नाही कारण ते जमिनीतूनच येतं. तिथे जादा झालेलं पाणी नदीकडे नेणारी रोमन लोकांनी बांधलेली मोरी आजही तेच काम करतेय. कधी गेलास तर त्या मोरीच्या कमानीपाशी थांब, पाण्यातल्या लोखंडाने दगड नारिंगी झालेत, वाफ येत असते आणि पाण्याचा मोठा आवाज येतो.